अल्जियर्सच्या चौकातली गुलाबी सावली

प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या एका लहानशा लिलावात तुम्ही एक जुनं जलरंगचित्र घेतलंत. वहीच्या पानाहून थोडं मोठं. दुमजली घराचा आतला चौक, नालाच्या आकाराच्या कमानी, वरच्या मजल्यावर लाकडी कठड्याची गॅलरी, उजवीकडे हिरवं दार आणि मधोमध पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेली बाई. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं इंग्रजीत ‘अल्जियर्स, मार्च’ असं लिहिलंय (अल्जियर्स म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीरियाची राजधानी), पुढचं साल पुसलं गेलंय. सही नाही. लिलावाच्या यादीत ‘देलाक्रवाच्या वळणाचं’ असं छापलं होतं; देलाक्रवा म्हणजे एकोणिसाव्या शतकातला नावाजलेला फ्रेंच चित्रकार. आता तुम्ही डोंबिवलीला परत येताय आणि विचारताय की चित्र खरं आहे का, कुणाचं असेल, त्यावरचे तांबूस डाग घरच्या घरी काढता येतील का आणि हॉलमध्ये टांगलं तर चालेल का. सोबत फोटो आहेत, आणि काही अगदी जवळून काढलेत. त्याबद्दल आभार. बहुतेक लोक काचेवर स्वतःचंच प्रतिबिंब पडलेला एक फोटो धाडतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज म्हणून गेलात, ‘संध्याकाळच्या गुलाबी सावल्या फार सुंदर उतरल्यात’. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण बाकीची बरीच उत्तरं त्या गुलाबी रंगाला चिकटलेली आहेत. चित्रातली वेळ संध्याकाळची नाही, जवळपास दुपारची आहे.

समोरच्या भिंतीवर ऊन कुठपर्यंत उतरलंय ते पाहा. वरची गॅलरी पूर्ण उजळलीय आणि उन्हाची कड खालच्या कमानींच्या निम्म्यापर्यंत आलीय. अल्जियर्सची घरं विहिरीसारखी असतात, चौक लहान आणि भिंती उंच. अशा चौकात संध्याकाळचं ऊन फार तर गच्चीच्या कठड्याला शिवून जातं, कमानींपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. मार्चमध्ये तिथे दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण पन्नास अंशांवर असतो. सहा मीटर रुंद आणि नऊ मीटर खोल चौक धरला, तर ऊन बरोब्बर तिथवर येतं जिथे तुमच्या चित्रात ते आलंय. म्हणजे ज्यानं काढलं त्यानं खरोखर मार्चमध्ये, बारा-एकच्या सुमारास तिथे बसून काढलंय. भर दुपारी पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवरची सावली गुलाबी नसते. ती निळसर असते, कारण तिच्यात उजेड पडतो तो वरच्या उघड्या आकाशाचा.

मग गुलाबी आलं कुठून? तुमचा तिसरा फोटो मोठा करा, जिथे तुम्ही माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, जरासा उचललाय. माउंटच्या कडेखाली चार-पाच मिलिमीटरची एक पट्टी दिसते. तिच्यात तीच सावली पुढे चालू आहे, पण रंग करडा-निळा. माउंटनं झाकल्यामुळे तिला दीडशे वर्षं उजेड लागला नाही. चित्रकारानं लावलेला रंग तो. बाकी सगळीकडे त्यातला निळा उडून गेला आणि लाल मागे राहिला.

त्या काळच्या इंग्रज जलरंगकारांची सावलीची ठरलेली कृती होती, इंडिगो म्हणजे आपली नीळ, आणि तिच्यात थोडा लाइट रेड किंवा इंडियन रेड. दोन्ही मिळून अतिशय देखणा करडा होतो. अडचण एवढीच की ते लाल रंग म्हणजे लोखंडाची माती, ती उन्हापावसाला भीक घालत नाही. नीळ वनस्पतीची. कापडावर ती टिकते, कागदावर पातळ हात दिला की उजेडात विटते. दोघांची जोडी लावली की काही दशकांनी एकटा लाल उरतो. इंग्लंडातल्या शेकडो चित्रांतली आभाळं अशीच तांबडी झाली आणि लोक त्यांना सूर्यास्त समजून कौतुक करत राहिले.

यावर तिथे १८८६ मध्ये वर्तमानपत्रांतून मोठा वाद पेटला होता. एका बाजूला कलासमीक्षक रस्किन, दुसऱ्या बाजूला कलातज्ज्ञ जे. सी. रॉबिन्सन. संग्रहालयात टांगलेली जलरंगचित्रं उडतात की नाही, असा मुद्दा होता. शेवटी सरकारनं रसेल आणि अ‍ॅबनी या दोन शास्त्रज्ञांना कामाला लावलं आणि त्यांचा अहवाल १८८८ मध्ये आला. त्यांनी रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून उन्हात ठेवल्या. काही नळ्यांत साधी हवा, काहींत कोरडी, काहींत दमट, काही निर्वात. निर्वात नळ्यांतले बहुतेक रंग जवळजवळ जसेच्या तसे राहिले, दमट हवेतले सर्वांत जास्त उडाले. नुसता उजेड पुरत नाही, त्याला हवा आणि ओल यांची साथ लागते. हे वाक्य डोंबिवलीच्या संदर्भात लक्षात ठेवा, पुढे त्याकडे यायचंय.

आता पांढऱ्याकडे. उत्तर आफ्रिकेच्या चौकाचं चित्र म्हणजे निम्मं पांढऱ्याचं चित्र. दरवर्षी चुना फिरवून फिरवून भिंतींचे कोपरे लोण्यासारखे गोल झालेले असतात. पारदर्शक जलरंगात पांढरा लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. तुमच्या चित्रात उन्हातली भिंत म्हणजे रंगच नाही, तो नुसता कागद आहे. फोटोत कमानीच्या वरच्या वळणाशी पाहा. सावलीचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, येऊन थांबलाय आणि थांबल्या जागी गडद कड धरलीय, रंगाचं पाणी सुकताना धरतं तशी. त्या कडेच्या पलीकडे ब्रश गेलेलाच नाही. तेवढ्या जोरावर दुपार उभी केलीय. हात सराईत आहे, हे मी त्या एका कडेवरून म्हणतो.

म्हणून कागद पिवळा पडला की ऊनच पिवळं पडतं. तुम्हाला संध्याकाळ वाटली त्यात गुलाबी सावलीइतकाच या पिवळेपणाचाही हात आहे. तो बराचसा मागच्या पुठ्ठ्यानं आणलाय. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त पुठ्ठा, आम्लानं भरलेला. चौथ्या फोटोत त्याच्या गाठींचे डाग चित्राच्या पाठीवर छापल्यासारखे उठलेत.

इथे माझी एक चूक सांगतो. उमेदीच्या काळात एका निसर्गचित्राचा कागद मी पांढरा करून दिला होता. रसायन सौम्य होतं, प्रमाण पुस्तकातलं होतं, मालक खूश होते. चित्र मात्र गेलं. उडालेल्या सावल्या जुनाट कागदावर कशाबशा तग धरून होत्या, लख्ख कागदावर त्या पार फिकट दिसायला लागल्या. शिवाय मूळ कागद असा कधी निळसर पांढरा नव्हताच. तो सायीच्या रंगाचा होता. रंग परत आणता येत नाहीत, मग कागद तरी कुठल्या सालात नेऊन ठेवायचा? तेव्हापासून मी पिवळेपणा पूर्ण काढत नाही. थोडा उतरवतो आणि हात आवरतो.

त्या बाईचं पांढरं मात्र वेगळं आहे. तिथे कागद सोडलेला नाही, वरून अपारदर्शक पांढरा लावलाय. तिच्या वस्त्राचा भाग भिंगाखाली धरा. मला फोटोतही दिसतंय की फरशीच्या पेन्सिलीच्या रेघा तिच्या अंगातून आरपार गेल्यात आणि त्यांच्यावर रंग बसलाय. म्हणजे आधी रिकामा चौक काढला, बाई नंतर आली. बहुधा दुसऱ्या कुठल्या स्केचवरून किंवा आठवणीतून. आणखी एक खूण म्हणजे तिनं पांघरलंय ते हाइक, अल्जियर्सच्या बायका घराबाहेर पडताना घ्यायच्या तो मोठा पांढरा कपडा. घरातल्या चौकात, चारचौघींत, कुणी हाइक गुंडाळून उभं राहत नाही. चित्रकाराला बाई दिसली असणार ती रस्त्यावर. तिला उचलून त्यानं, किंवा तिनं, चौकात आणून ठेवली. फसवणूक म्हणा हवं तर, पण त्या काळात हे सर्रास चालायचं, रिकामा चौक बघायला लोकांना आवडत नसे.

तो पांढरा चायनीज व्हाइट असावा, म्हणजे जस्ताचा. विन्सर अँड न्यूटन या इंग्रज रंगकंपनीनं तो १८३४ मध्ये बाजारात आणला. त्याआधी शिशाचा सफेदा वापरला तर शहरातल्या कोळशाच्या धुरानं आणि गॅसच्या दिव्यांनी तो काळा पडायचा. तुमच्या बाईच्या खांद्यावरचा काळसर ठिपका मला जरा शंकास्पद वाटतो. तो सफेद्याचा निघाला तर जाणकार माणूस त्याला पुन्हा पांढरा करू शकतो, पण ते काम घरी करायचं नाही. यूव्ही टॉर्च मिळाली तर अंधारात बघा. जस्ताचा पांढरा हिरवट-पिवळा चमकतो. तेवढ्यात कागदही पाहून घ्या. तो निळा-पांढरा भगभगला तर त्यात आधुनिक चकाकी आणणारी द्रव्यं आहेत, आणि मग या उत्तरातलं पुढचं काही वाचायची गरज नाही.

पण मला तसं होईलसं वाटत नाही. कारण उलट्या उजेडातल्या तुमच्या फोटोत जलचिन्ह दिसतंय. व्हॉटमन या इंग्रज कागदवाल्याच्या नावाची शेवटची तीन अक्षरं आणि खाली १८५, पुढचा आकडा कापला गेलाय. इंग्रज गिरण्या कागदात साल घालू लागल्या ते १७९४ च्या करकायद्यामुळे, आणि त्याचा आपल्याला आजही फायदा होतो. चित्र १८५० च्या आधीचं नाही, एवढं यातून नक्की कळतं. नंतरचं किती, हे कळत नाही. चांगला कागद लोक वर्षानुवर्षं जपून वापरायचे. व्हॉटमनचं नाव इतरांनीही छापलंय, पण या कागदाचा दाणा आणि वजन पाहता मला तो अस्सल वाटतो.

देलाक्रवाचा मुद्दा इथेच निकालात निघतो, तरी त्याच्याबद्दल थोडं बोलू, कारण त्यातून या चित्राकडे कसं बघायचं ते कळतं. तो १८३२ मध्ये काउंट द मोर्ने याच्या शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला. मार्चमध्ये तो टँजियरहून मेक्नेसच्या वाटेवर होता. अल्जियर्समध्ये तो जूनच्या अखेरीस जेमतेम तीन दिवस होता. त्याच्या वह्यांमधल्या चित्रांत रंगांच्या शेजारी त्यांची नावं खरडलेली असतात, पुढे तैलचित्र करताना आठवण राहावी म्हणून. उत्तर आफ्रिकेच्या चौकाचं सर्वांत गाजलेलं चित्र त्याचंच आहे, लूव्रमधलं ज्यू लग्नाचं. १८४१ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, ते मांडलं गेलं. मूळ लग्न त्यानं टँजियरमध्ये २१ फेब्रुवारी १८३२ ला पाहिलं होतं.

ज्यूंचंच लग्न का? कारण त्याच्यासाठी दार तिथेच उघडलं. परक्या पुरुषाला मुसलमान घराच्या आतल्या चौकात पाऊल टाकता येत नव्हतं. दारातून आत गेलं की आधी लागते ‘स्किफा’, म्हणजे वळण घेत जाणारी देवडी. ती मुद्दाम अशी वाकडी असते की रस्त्यावरून आतलं काही दिसू नये. तिच्या पलीकडे ‘वस्त अद्-दार’, शब्दशः घराचा मधला भाग. फ्रेंच वकिलातीचा दुभाष्या अब्राहम बेंशिमॉल हा ज्यू होता, त्याच्या ओळखीनं देलाक्रवा ज्यू घरांत वावरला. तेव्हा असं चित्र समोर आलं की मी आधी विचारतो, आत सोडलं कुणी? त्याचं उत्तर सापडलं की चित्रकारही निम्मा सापडतो.

अल्जियर्समध्ये १८३० नंतर दारं वेगळ्या कारणानं उघडली. फ्रेंचांनी शहर घेतलं, बंदराजवळची वस्ती पाडून मोठं पटांगण आणि सरळ रस्ते काढले आणि उरलेले वाडे कचेऱ्यांसाठी ताब्यात घेतले. दार अझिझा बिशपकडे गेलं. दार मुस्तफा पाशामध्ये १८६३ पासून ग्रंथालय होतं. म्हणजे एखाद्या ‘देय’च्या, फ्रेंचांआधीच्या तिथल्या राज्यकर्त्याच्या, खाजगी चौकात कुणीही वाचक म्हणून शिरावं आणि खुर्ची टाकून चित्र काढत बसावं. तिथल्या भिंतींवर डेल्फ्टच्या टाइल्स आहेत, पार हॉलंडहून आलेल्या. तुमच्या चित्रात जिन्याजवळ निळ्या ठिपक्यांची एक पट्टी आहे. चित्रकारानं प्रत्येक टाइलमध्ये ब्रशचं एकेकच टोक टेकवलंय, त्यामुळे जहाजं आहेत की फुलं ते कळायला मार्ग नाही. पण टाइल्स फुटक्या नाहीत, फरशी धुतलेली आहे, चौकात कुठे चूल नाही, वाळत घातलेला कपडा नाही, लेकरू नाही. ही राहत्या घराची कळा नव्हे, सरकारी इमारतीची आहे. अमुक एक इमारत असं मी म्हणणार नाही, पण पत्ता त्याच गल्लीतला असावा.

शहर अल्जियर्सच आहे हे पेन्सिलीच्या अक्षरांशिवायही ओळखता आलं असतं. पीळ घातलेले सडपातळ संगमरवरी खांब आणि त्यांच्यावर टोकदार नालाकृती कमान, ही तिथली ओळख. मोरोक्कोतल्या फेजमध्ये जाड चौकोनी खांब असतात, खालचा भाग झिलीजनं, म्हणजे रंगीत टाइलच्या तुकड्यांच्या नक्षीनं, मढवलेला आणि वर कोरलेला गिलावा नि देवदार. ट्युनिसमध्ये कमानीचे दगड काळे-पांढरे आलटून पालटून. कैरो तर दुरूनच कळतं, लाकडी जाळीच्या मश्रबिया आणि पहिल्या मजल्यावर उत्तरेकडे उघडणारा मकअद, म्हणजे उघडी बैठक, गार वारा घ्यायला. कैरोच्या चौकांचा बादशहा जॉन फ्रेडरिक लुईस. तो १८४१ पासून दहा वर्षं तिथे स्थानिक माणसासारखा राहिला आणि घरी येऊन वर्षानुवर्षं तेच चौक रंगवत बसला. त्याच्या राहत्या घराच्या चौकाचं चित्र बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. तो पारदर्शक रंगात अपारदर्शक पांढरा मिसळून केसाएवढ्या ब्रशनं जाळीची सावली एकेक करून भरायचा. इतकं रक्त आटवून जलरंगाला तैलचित्राचा भाव येईना, म्हणून १८५८ मध्ये तो जलरंगाच्या संस्थेतून बाहेर पडला आणि तेलाकडे वळला. तुमचा चित्रकार या जातीचा नाही. तो भरभर काढणारा, हवा पकडणारा आहे.

मग कोण? इंग्रजी अक्षर, इंग्रजी कागद, इंग्रजी सावलीची कृती आणि मार्च महिना. १८५० नंतर इंग्लंडातले सुखवस्तू लोक छातीच्या विकारावर हवापालट म्हणून हिवाळा अल्जियर्सला काढू लागले, आणि त्यांच्यातल्या बायका जलरंगात तयार असत, घरी शिकवणी लावून शिकलेल्या. त्यांच्यातली सर्वांत नावाजलेली बार्बरा बोडिचॉन. १८५७ मध्ये तिनं अल्जियर्समधल्या एका फ्रेंच डॉक्टरशी लग्न केलं, हिवाळे तिथे काढले, तिथली चित्रं लंडनला मांडली आणि १८६९ मध्ये मुलींसाठीचं गर्टन कॉलेज उभं करायला हातभार लावला. तुमचं चित्र तिचं आहे असं मी सुचवत नाहीये, कृपा करून तसं कुणाला सांगू नका. ती मुख्यतः मोकळ्या निसर्गात रमणारी होती. पण त्या मंडळींपैकी कुणाचं तरी ते असावं. निनावी हौशी हात, पण शिकलेला. अशा चित्राला बाजारात फार पैसे मिळत नाहीत, आणि ‘देलाक्रवाच्या वळणाचं’ या दोन शब्दांसाठी तुम्ही जास्त मोजले असतील तर ते बुडाले.

छापील प्रत आहे का, हा प्रश्न भिंगानं दोन मिनिटांत सुटतो. तुमच्या जवळच्या फोटोत निळा रंग कागदाच्या खळग्यांत दाण्यादाण्यानं बसलेला दिसतो. छपाईत तसं होत नाही.

आता डाग. घरी काढायचे नाहीत. पावाचा लगदा, लिंबू, ब्लीच, ओला कापूस, यातलं काहीही नाही. जलरंग दीडशे वर्षांनीही पाण्यात विरघळतो. हिरव्या दाराला तर बोटही लावू नका. त्याच्या मागच्या बाजूला दाराच्या आकाराचा तपकिरी डाग उमटलाय. तांब्याचा हिरवा कागद असाच मागून जाळतो. म्हणजे तो बहुधा एमराल्ड ग्रीन असणार, आणि त्यात आर्सेनिक असतं. हाताळलंच तर हात धुवा.

पाठीचा पुठ्ठा आधी काढून घ्या, पण त्यावर फ्रेमवाल्याची चिठ्ठी असेल तर ती जपून ठेवा. नवा माउंट कापसाच्या लगद्याचा, चित्र त्याला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं लावलेलं. ‘हार्डबोर्डवर चिकटवून ताठ करून देतो’ असं कुणी म्हणालं तर चित्र उचला आणि दुकानातून बाहेर पडा. असं चिकटवलेलं एक चित्र सोडवायला मला सात आठवडे लागले होते. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये अंतर हवं.

डोंबिवलीत हॉलची बाहेरची भिंत नको. पावसाळ्यात तिला ओल येते आणि ते तांबूस ठिपके वाढत जातात. आतली भिंत निवडा, फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे पाठीमागून हवा खेळेल. रात्री एसी आणि दिवसा बंद, अशी खोली साध्या दमट खोलीपेक्षा वाईट, कारण कागद रोज फुगतो आणि आक्रसतो. डांबरगोळ्या फ्रेममध्ये घालू नका. दर दिवाळीला उतरवून मागून कसर लागलीय का ते बघा. उजेडाचं म्हणाल तर संग्रहालयात अशा चित्राला पन्नास लक्स (उजेड मोजायचं एकक) देतात. आपल्या खिडकीजवळ दिवसा हजार-दोन हजार सहज असतात, आणि त्यात रसेल-अ‍ॅबनीच्या दमट नळीसारखी हवा. यूव्ही काचेनं थोडं वाचतं, सगळं नाही. मी तुमच्या जागी असतो तर ते पॅसेजमध्ये लावलं असतं, जिथे दिवा लावल्याशिवाय दिसत नाही, आणि पावसाळ्यात कपाटात सपाट ठेवलं असतं.

आणि नवा माउंट कापून घेताना खिडकीचं माप जुन्या माउंटचंच द्या, मिलिमीटरनंही मोठं नको. फ्रेमवाला म्हणेल, ‘कडेला अजून थोडं चित्र आहे, ते पण दाखवू या.’ त्याला नाही म्हणा. ती निळी पट्टी झाकलेलीच राहू दे. मात्र झाकण्याआधी तिचा दिवसाच्या उजेडात, बाजूला पांढरा कागद ठेवून एक फोटो काढा आणि मला पाठवा.